रकाना क्रमांक नऊ

अर्ज रात्री बारापर्यंत भरायचा आहे
आणि दापोलीच्या या क्वार्टरमध्ये रेंज येते फक्त मोरीपाशी,
म्हणून मी बादली पालथी घालून बसले आहे.

नाव: रुबिना परकार. शिक्षण. नोंदणी क्रमांक.
शोधनिबंध: दोन,
त्यातल्या एकात माझं नाव सातवं.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
इथे लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं, खोडलं,
शेवटी बॅचमधल्या पूर्वाचं उत्तर
जरा इकडचं तिकडे करून उतरवलं.

रकाना क्रमांक नऊ: मार्गदर्शकाचे नाव.

सरांचं देता येईल. सर मोठेच.
राउंडला पस्तीस जणांच्या मागे मी टाचा उंचावून उभी.
एकदा माझ्या हातातली फाईल घेऊन म्हणाले, अक्षर बरं आहे.
तीन वर्षांत आमचं बोलणं
एवढंच.

इथे आले तेव्हा चार खुर्च्या, एक फ्रीज,
आणि गंगाराम जोगळे.
कंत्राट अकरा महिन्यांचं, चौदाव्यांदा.
पहिल्याच आठवड्यात मी हर्णैच्या बाईला विचारलं, तंबाखू खाता?
नाही.
दुसरीला विचारलं. नाही. तिसरीही नाही म्हणाली,
गालाच्या आत रुपयाएवढी जखम घेऊन.
जोगळे फरशी पुसत होते. मान वर न करता म्हणाले,
"मॅडम, दात कशानं घासता, असं इचारा."
मिशरी, मिशरी, मिशरी.
पुस्तकात हा प्रश्न नव्हता.

मग सुलभा पावसे.
पहिलं इंजेक्शन घेतलं, दुसऱ्याला आली नाही.
मी चिडले. फोनवर बोलले ते
आता आठवलं की कान तापतात.
जोगळ्यांनी कालनिर्णय काढून माझ्यासमोर धरलं.
"तुमचा फेरा एकवीस दिसांचा,
दर्याचा पंधरा.
पयला भांगात आला, होड्या किनाऱ्याला, नवरा संगती.
दुसरा बगा, भर उधाणात.
तो डोल सोडून तिला कोण आणील?"
आणि वहीतून भाचीचा नंबर काढला,
आधीच काढून ठेवलेला.

ती वही लाल कापडाची.
न आलेल्यांची.
नाव, गाव, शेवटची यष्टी किती वाजता,
घरी उलट्या झाल्या तर शेजारी कोणाकडे रिक्षा.
शेवटचा रकाना: परत आली का.
सुलभापुढे टिंब आहे, हिरव्या पेनाचं.
खूप जणींपुढे काही नाही.
त्यांना ते अजूनही फोन करतात, मंगळवारी, जेवणानंतर.
काही नंबर आता दुसऱ्याच कोणाचे झालेत.

मी जावं, हे खरंच आहे.
इथे रेडिएशनचं मशीन नाही, शिकवायला कोणी नाही,
एक गाठ हाताला लागली आणि मला कळली नाही,
तिची पुढे चार महिने गेले.
मला शिकायचं आहे. यात लाज कसली.
मोठ्या शहरात दोन वर्षं. मग बघू.
मग बघू, हे सगळेच लिहितात का अर्जात?

पावणेबारा.
रकान्यात सरांचं नाव घातलं.
नियमच आहे, पदवी लागते, शिक्का लागतो.
बटण दाबलं. गोल फिरत राहिलं. गेलं.

सकाळी जोगळ्यांना सांगितलं.
हसले. "बेस झाला."
मग वही उलटी करून
मागचं शेवटचं पान उघडलं.
डॉ. केतकर, दोन वर्षं. डॉ. इनामदार, चौदा महिने.
डॉ. खाडिलकर मॅडम, नऊ.
गाव, फोन, गेल्याची तारीख,
आणि तोच रकाना, तिघांपुढेही कोरा.

खाली माझं नाव होतं.
पेन्सिलीनं.
"तारीक ठरली की सांगा," ते म्हणाले,
आणि खुर्ची नंबर तीनची चादर बदलायला गेले,
कारण पावणेनवाची हर्णै गाडी लागली होती
आणि आज अष्टमी होती,
सगळ्याच येणार होत्या.